शेअर्ड होस्टिंगवर पेज कॅशिंग: हरतालिकेच्या दुपारी साइट बंद पडते, नेमकं काय सेट करायचं?

अबोली७

नमस्कार मंडळी. जरा मोठं होतंय, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हाला परत विचारावंच लागेल म्हणून सगळं लिहिते. माझ्या आईचा पाककृतींचा ब्लॉग आहे, वर्डप्रेसवर, ८ वर्षं झाली, ६४० पाककृती आहेत आणि प्रत्येक तिने स्वतः करून, फोटो काढून टाकलेली आहे. होस्टिंग शेअर्ड (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), सीपॅनेलवालं (त्याचा कारभार ब्राउझरमधून बघायचं पान), परवडतं तेवढं. एरवी काही त्रास नाही. पण हरतालिकेच्या दुपारी ४ नंतर जे सुरू होतं ते चतुर्थीच्या सकाळी ११ पर्यंत उकडीच्या मोदकांच्या एकाच पानावर सगळे लोटतात, आणि गेल्या वर्षी नेमकी तेव्हाच साइट झोपली. पांढरं पान, ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड. आई एका हाताने उकड मळतेय आणि दुसऱ्या हातात फोन, मैत्रिणींचे फोनवर फोन की अगं तुझं पान उघडत नाहीये, पिठाला पाणी किती घ्यायचं ते तरी सांग. प्रत्येकीला तोंडी सांगत बसली होती बिचारी.

होस्टिंगच्या सपोर्टला विचारलं तर एकच उत्तर, व्हीपीएस (सर्व्हरवरचा स्वतःचा वेगळा हिस्सा) घ्या. एका दिवसाच्या गर्दीसाठी वर्षभर कितीतरी पट पैसे कसे भरायचे? मग मी वाचून वाचून एक कॅश प्लगिन टाकला, फरक जाणवला नाही म्हणून दुसराही टाकला, दोन्ही चालूच. तेव्हापासून वेगळाच गोंधळ. आईने गुळाचं प्रमाण दुरुस्त केलं तरी लोकांना जुनंच दिसतंय, आणि परवा एका वाचक ताईंनी कळवलं की कमेंटच्या चौकटीत त्यांना दुसऱ्याच कुणाचं नाव आणि ईमेल आधीच भरलेलं दिसलं. वाचून पोटात गोळाच आला. दोन्ही प्लगिन तडक बंद केलेत.

यंदाची चतुर्थी जवळ आलीय. मला कोडिंग येत नाही पण सांगाल ते नीट करीन. पेज कॅश शेअर्ड होस्टिंगवर मुळात नीट चालतं का, की खरंच व्हीपीएसच घ्यावं लागेल?

सर्व्हरखोली

ताई, व्हीपीएस अजिबात घेऊ नका, निदान यासाठी तरी नको. तुमची साइट वाचायची साइट आहे, सगळ्यांना तेच पान दिसतं, आणि पेज कॅश (एकदा बनवलेलं पान साठवून तेच सगळ्यांना देणं) नेमकं त्याचसाठी असतं. पण आधी ५०८ म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

बऱ्याच शेअर्ड सर्व्हरवर क्लाउडलिनक्स असतं, ते प्रत्येक खात्याला हद्द आखून देतं. त्यातली एक हद्द म्हणजे एन्ट्री प्रोसेस, म्हणजे तुमच्या खात्यात एका वेळी किती पीएचपी (वर्डप्रेस ज्यावर चालतं तो प्रोग्राम) विनंत्या चालू असू शकतात. ती बरेचदा २० असते. आता समजा मोदकांचं पान बनवायला वर्डप्रेसला अडीच सेकंद लागतात (थीम लोड, डेटाबेसला पन्नास प्रश्न, साइडबार, वगैरे), तर २० जागा आणि प्रत्येक जागा अडीच सेकंद अडलेली, म्हणजे सेकंदाला फार तर ८ पानं. वीसही जागा अडलेल्या असताना एकविसावा माणूस आला की त्याला ५०८. सीपीयू आणि मेमरीच्या हद्दी वेगळ्याच.

म्हणून शेअर्डवर कॅश लावताना डोक्यात वेग ठेवू नका, पीएचपी उठूच द्यायचं नाही एवढं ठेवा. आई प्रत्येक पाहुण्यासाठी वेगळी उकड काढते का? सकाळी एकदा मोदकपात्र भरून ठेवते आणि येईल त्याला वाढते. तयार पान सर्व्हरनेच परस्पर वाढलं तर एन्ट्री प्रोसेस खर्चच होत नाही.

आता इथेच बरेच जण फसतात. कॅश प्लगिन दोन जातीचे असतात. एक जात तयार पान ठेवते पण ते द्यायला पीएचपीच उठवते (डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमधे अॅडव्हान्स्ड-कॅश नावाची फाइल बसते, ती वर्डप्रेसच्या आधी धावते आणि पान देऊन मोकळी होते). अडीच सेकंदाचं काम सेकंदाच्या शंभराव्या-विसाव्या भागात होतं, हे पण खूपच आहे, पण जागा अडतेच. दुसरी जात पीएचपीला हात न लावता वेबसर्व्हरकडूनच पान देते. तुमचं होस्टिंग लाइटस्पीड सर्व्हरवर असेल तर लाइटस्पीड कॅश प्लगिन हे फुकट करून देतो. अपाचे असेल तर डब्ल्यूपी सुपर कॅशचा एक्स्पर्ट मोड किंवा डब्ल्यू थ्री टोटल कॅशमधला डिस्क एन्हान्स्ड, दोन्ही एचटीअॅक्सेसच्या (सर्व्हरला सूचना देणारी साइटची फाइल) नियमांनी तयार एचटीएमएल फाइल देतात.

तेव्हा आधी तीन गोष्टी बघून सांगा:

कॉम्प्युटरवर ब्राउझरमधे साइट उघडा, एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब, पान रिफ्रेश करा, सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक केलं की रिस्पॉन्स हेडर्स दिसतात. त्यात सर्व्हरसमोर काय लिहिलंय?

सीपॅनेलमधे रिसोर्स युसेज नावाचं चिन्ह असेल, तिथे एन्ट्री प्रोसेसची हद्द किती आणि फॉल्ट्स (हद्द संपल्याच्या नोंदी) किती पडलेत?

आणि जुने दोन्ही प्लगिन नुसते बंद केलेत की काढून टाकलेत? नुसतं बंद करून त्यांचा कचरा जात नाही. फाइल मॅनेजरमधे डब्ल्यूपी-कंटेंटमधे ती अॅडव्हान्स्ड-कॅश फाइल अजून आहे का, कॅश नावाचं फोल्डर आहे का, आणि एचटीअॅक्सेसमधे त्या प्लगिनांच्या नावाने बिगिन आणि एंड असे तुकडे राहिलेत का ते बघा. बदल करायच्या आधी एचटीअॅक्सेसची एक प्रत काढून ठेवा, हे विसरू नका, त्यात एक अक्षर चुकलं तरी अख्खी साइट ५०० दाखवते.

कमेंटच्या चौकटीतलं परकं नाव, ते पण याच गोंधळातलं दिसतंय. वर्डप्रेस कमेंट करणाऱ्याचं नाव कुकीत (त्याच्या ब्राउझरमधली छोटी नोंद) ठेवतं आणि पुढच्या वेळी चौकट भरून देतं. अशी कुकी असलेल्या माणसासाठी बनलेलं पान कधीच साठवायचं नसतं. एकटा प्लगिन हे पाळतो, दोघं एकाच दारात उभे राहिले की एकाने वगळलेलं दुसरा साठवून बसू शकतो. एका साइटवर एकच पेज कॅश, यात तडजोड नाही.

अबोली७

सर्व्हरखोली दादा, इतकं समजावून कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. बघितलं:

सर्व्हरसमोर लाइटस्पीड लिहिलंय!! दोन वर्षं तिथेच आहे आणि मला पत्ताच नाही.

एन्ट्री प्रोसेस २०, तुम्ही म्हणालात तेच. गेल्या वर्षीचा आलेख आता दिसत नाही, पण गेल्या रविवारी आईने नारळीभाताचं पान फेसबुकवर टाकलं होतं तेव्हा सुद्धा २० ला टेकून फॉल्ट्स पडलेत.

आणि कचरा होता. अॅडव्हान्स्ड-कॅश फाइल तशीच, कॅश फोल्डरमधे ४१ हजार फाइल्स, एचटीअॅक्सेसमधे दोन्ही प्लगिनांचे तुकडे. प्रत काढून सगळं साफ केलं, डब्ल्यूपी-कॉन्फिगमधली डब्ल्यूपी कॅशची ओळ पण काढली. साइट चालतेय. आता लाइटस्पीड कॅश टाकू?

सर्व्हरखोली

टाका. आणि टाकल्यावर सगळी बटणं चालू करायचा मोह आवरा, त्या प्लगिनमधे शंभर सेटिंग आहेत आणि त्यातली नव्वद तुम्हाला नकोत.

कॅश चालू करा. लॉगिन केलेल्यांसाठी कॅश बंद ठेवा, तशी फक्त आई आणि तुम्ही आहात. मोबाइलसाठी वेगळं कॅश बंद ठेवा, मोबाइलला वेगळी थीम असेल तरच ते लागतं, नाहीतर प्रत्येक पानाच्या दोन प्रती होतात. आणि तुम्हाला ४१ हजार फाइल्सचा अनुभव आलाच आहे, शेअर्डवर जागेच्या आधी इनोड संपतात, म्हणजे फाइलींच्या संख्येची हद्द. लाइटस्पीडच्या साठवलेल्या फाइली पण तुमच्याच खात्यात मोजल्या जातात.

सीएसएस-जेएस एकत्र करणं, मिनिफाय, इमेजचं काय काय, ते पान आत्ता उघडूच नका. तो वेगळा विषय आहे आणि साइट मोडते ती तिथेच.

मग इन्कॉग्निटोमधे (लॉगिन असताना तपासलं तर काहीच कळणार नाही, बरेच जण इथेच तासभर घालवतात) मोदकांचं पान दोनदा उघडा. हेडरमधे एक्स-लाइटस्पीड-कॅशसमोर पहिल्यांदा मिस आणि दुसऱ्यांदा हिट यायला हवं. हिट म्हणजे पीएचपी उठलं नाही.

मुदतीचं म्हणाल तर डिफॉल्ट ६०४८०० सेकंद आहे, म्हणजे ७ दिवस, राहू द्या तसंच. पाककृती अपडेट केली की ते पान, मुख्यपान, वर्गाची पानं तो स्वतःच पुसतो.

कलमीहापूस

मधेच बोलतो, ७ दिवस राहू द्या हे मला पटत नाही. ताईंच्या पाककृतींना स्टार द्यायची सोय आहे का? असेल तर त्या बटणामागे बहुधा नॉन्स असतो, वर्डप्रेसचा सुरक्षा-टोकन, तो फार तर २४ तास चालतो. पान ३ दिवस जुनं असेल तर आतला टोकन मेलेला, माणूस स्टार दाबतो आणि काहीच होत नाही, तो कळवत पण नाही, निघून जातो. मी आंब्याच्या साइटवर मुदत १० तास ठेवलीय, ३६००० सेकंद, म्हणजे टोकन नेहमी जिवंत. पानं थोडी जास्त वेळा बनतात, पण सहाशे पानं दिवसातून दोन-तीनदा बनली तर काय बिघडतं.

आणि जे कुणी दुकानवाले हा धागा वाचतील त्यांच्यासाठी माझी चूक सांगतो, मला फार महागात पडली. वूकॉमर्सवर (वर्डप्रेसचा दुकानाचा प्लगिन) कार्ट, चेकआउट, माझं खातं ही पानं चांगले कॅश प्लगिन आपणहून वगळतात, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण पुढे मी सीडीएन (साइटच्या प्रती आपल्या सर्व्हरवर ठेवून वाचकाला देणारी बाहेरची सेवा) लावलं आणि कुणाच्या तरी व्हिडिओत बघून सगळंच साठव असा नियम घातला. सीडीएनला माझ्या वर्डप्रेसच्या कुकी-बिकी काय कळणार, त्याने चेकआउट पण साठवलं. एप्रिलचा दुसरा आठवडा, पेट्यांची गर्दी, आणि ठाण्याच्या एका ग्राहकाला चेकआउटवर पुण्याच्या दुसऱ्या ग्राहकाचा पत्ता आणि फोन नंबर दिसला. त्यांनी फोन केला तेव्हा मी पॅकिंगला होतो, हातातलं गवत टाकून धावलो, नियम काढला, सगळं पर्ज केलं (साठवलेलं पुसलं) आणि त्या दोघांनाही स्वतः फोन करून माफी मागितली. पैशाचं नुकसान नाही झालं पण कुणाच्या घरचा पत्ता आपल्यामुळे परक्याला दिसला हे अजून टोचतं. एचटीएमएल बाहेर साठवायचं असेल तर आधी कुकीचा अपवाद, मग नियम. क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन मुळात एचटीएमएल साठवत नाही, फक्त फोटो, सीएसएस, जेएस असल्या फाइली, आणि बहुतेकांना तेवढंच पुरतं.

सर्व्हरखोली

मान्य, स्टारचं माझ्या डोक्यात नव्हतं. ताई, १० तासच ठेवा.

अबोली७

स्टार आहेत! आणि आईने मागे म्हटलंच होतं की हल्ली कुणी स्टार देत नाही. ३६००० केलं.

मिस-हिट दिसलं, मोदकांच्या पानावर दुसऱ्यांदा हिट आलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. पण अजून काहीतरी चुकतंय. काल रात्री घरच्या ग्रुपवर सांगितलं की ९ वाजता सगळ्यांनी मोदकांचं पान उघडा, पंधरा-सोळा जण होते. सगळ्यांना हिट यायला हवं ना? तरी एन्ट्री प्रोसेस १३ पर्यंत गेली. मग कॅशचा उपयोग काय झाला?

पायवाट

हे माझ्याकडे अगदी असंच झालं होतं म्हणून सांगते. एफ १२ मधे फक्त पहिली ओळ बघू नकोस, खालची पूर्ण यादी बघ. अॅडमिन-एजॅक्स अशी ओळ दिसतेय का? पान कॅशमधून येतं, पण पान उघडल्यावर त्यातला एखादा प्लगिन मागच्या दाराने परत सर्व्हरला हाक मारतो, आणि ती हाक कॅश होत नाही, प्रत्येक वेळी अख्खं वर्डप्रेस उठतं. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. माझ्याकडे तो एक पॉपअप प्लगिन निघाला. हे पाककृती किती जणांनी पाहिली असे आकडे दाखवणारे जे काउंटर असतात त्यातले बरेच हेच करतात, कारण पान कॅशमधून आलं की त्यांना मोजणी करायला दुसरा मार्गच नसतो.

अजून एक, ग्रुपवर लिंक कुठून टाकलीस? फेसबुकवरून उचलली असेल तर तिच्या शेपटाला एफबीसीएलआयडी लागलेलं असतं आणि प्रत्येक क्लिकला ते वेगळं असतं. कॅशला वाटतं हे वेगळंच पान आहे, की मिस. लाइटस्पीड कॅशमधे ड्रॉप क्वेरी स्ट्रिंग म्हणून चौकट आहे, तिथे एफबीसीएलआयडी, जीसीएलआयडी, यूटीएम वगैरे आधीच भरलेले असतात, फक्त आहेत ना बघून घे. तुझ्या जुन्या प्लगिनमधे हे नसणार, म्हणून नारळीभाताच्या वेळी फेसबुकवरून आलेला प्रत्येक माणूस नवा धरला गेला असणार.

मोडीलिपी

मराठी साइट आहे म्हणून एक जोडतो, इंग्रजी धाग्यांत हे कुणी सांगत नाही. पाककृतींच्या लिंका देवनागरीत आहेत का? देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मधे (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट, आणि लिंकेत प्रत्येक बाइटची टक्केवाली तीन चिन्हं होतात, म्हणजे एका अक्षराला ९. मात्रा पण वेगळं अक्षर धरतात. नुसतं ‘उकडीचे-मोदक’ ९१ चिन्हं होतं. वर्डप्रेसची स्लगची (लिंकेतलं पानाचं नाव) हद्द २०० आहे, म्हणजे २२ अक्षरं झाली की लांब नावं मधेच कापली जातात. शिवाय ब्राउझर त्या चिन्हांतली इंग्रजी अक्षरं कॅपिटलमधे पाठवतो आणि वर्डप्रेस स्मॉलमधे साठवतं, त्यामुळे सीडीएनवर एखादंच पान लिंक देऊन पर्ज करायला जाल तर जुळेलच असं नाही, आणि जुनं पान तसंच राहिलं की दोष कॅशला दिला जातो. नव्या पाककृतींना रोमन अक्षरांत छोटा स्लग द्या. जुन्या लिंका मात्र बदलू नका, बदलल्याच तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या लिंकेवरून नवीवर पाठवणारा नियम) लावल्याशिवाय नको, लोकांनी वहीत आणि व्हॉट्सअॅपवर जपून ठेवलेल्या असतात त्या.

अबोली७

पायवाट ताई, काउंटरच निघाला!! प्रत्येक पाककृतीखाली ‘इतक्या जणांनी पाहिलं’ असा आकडा होता, तोच प्रत्येक वाचकामागे एकदा वर्डप्रेस उठवत होता. म्हणजे पान हिट, आणि त्याच्या मागोमाग एक अॅडमिन-एजॅक्स. लिंक पण फेसबुकवरचीच होती, पण ड्रॉप क्वेरी स्ट्रिंगमधे सगळं आधीच भरलेलं आहे.

काउंटर काढायला आई तयार नव्हती. मोदकांच्या पानाखाली ३ लाखांच्या वर आकडा होता आणि तो ती रोज सकाळी चहाबरोबर बघायची. मी तिला नेटवर्कची ती ओळ दाखवली, म्हटलं हा आकडा वाढावा म्हणून साइट बंद पडतेय. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली काढ. आता गुगल अॅनालिटिक्स लावून दिलंय, ते गुगलच्या सर्व्हरवर मोजतं, आपल्या नाही, आणि तिच्या फोनवर अॅप टाकून दिलंय. जुना आकडा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

काल परत ९ वाजता सगळ्यांना बसवलं, या वेळी चुलत-मावस धरून तीस-बत्तीस जण. एन्ट्री प्रोसेस १. एक!

मोडीलिपी दादा, लिंका देवनागरीतच आहेत. नव्या रोमनमधे करते, जुन्यांना हात लावत नाही.

सर्व्हरखोली

झकास. आता हरतालिकेसाठी राहिलेलं सांगतो.

वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन (ठरल्या वेळची कामं करणारा भाग) बंद करा. विनंती पीएचपीपर्यंत आली की वर्डप्रेस कुठलं काम राहिलंय का बघत बसतं, आणि गर्दीत ते नको असतं. डब्ल्यूपी-कॉन्फिगमधे डिसेबल डब्ल्यूपी क्रॉनची ओळ ‘ट्रू’ करायची आणि सीपॅनेलच्या क्रॉन जॉब्समधे दर १५-३० मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉन फाइल चालवायची. जमलं नाही तर सांगा, पायरी पायरीने लिहितो.

शेड्यूल करून ठेवलेलं बॅकअप त्या दोन दिवसांत नको, आदल्या आठवड्यात घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हरतालिकेला दुपारनंतर ‘पर्ज ऑल’ कुणीही दाबायचं नाही. सगळं पुसलं की सगळी पानं एकदम नव्याने बनायला लागतात, तेही भर गर्दीत, आणि मोदकांचं पान एकदा बनून तयार होईपर्यंत तेवढ्यात आलेले सगळे पीएचपी उठवतात. त्या दिवशी प्लगिन किंवा थीम अपडेट पण नको, अपडेट झालं की कॅश आपणहून पुसायचं सेटिंग असतं. ऑटो-अपडेट चालू असतील तर चार दिवस बंद ठेवा आणि नंतर आठवणीने चालू करा. आईंना मोदकांच्या पानात काही दुरुस्ती करायची असेल तर आधीच करून घ्या म्हणावं, आणि नंतर तुम्ही स्वतः इन्कॉग्निटोमधे दोनदा उघडून हिट आलं का बघा.

अबोली७

क्रॉन जमलं, दर ३० मिनिटांनी लावलाय. पर्ज ऑलचं आईला सांगितलं, तिने फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे, ‘हरतालिकेला काहीही बदलायचं नाही’. गुळाचं प्रमाण आजच दुरुस्त केलं आणि पाच मिनिटांत माझ्या मावशीला नाशिकला नवीन दिसलं.

हरतालिकेला दुपारी ४ नंतर आलेख बघून इथेच लिहिते. तोवर कुणाला पिठाला पाणी किती घ्यायचं हवं असेल तर सांगा, वाटीभर पिठाला वाटीभर, पीठ जुनं असेल तर दोन चमचे जास्त.